पायलचं स्थळ आणि मागचं टायर

नंदनवन, नागपूर

ती. मायाताईस धाकट्या प्रेमानंदचा सप्रेम जय भीम.

तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला थांबला का? इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. (सगळे म्हणजे मी आणि तुळसा. पायल चार दिवसांपासून बापाशी बोलत नाही.) फोन न करता पत्र लिहितो आहे, कारण आमच्या दोन खोल्यांत फोनवरची कुजबुज पोरीच्या कानापर्यंत जातेच.

तू सुचवलेल्या स्थळाची मंडळी, म्हणजे अश्विन आणि त्याची आई यमुताई, रविवारी येऊन गेली. मुलगा मोकळा आहे. पायलही हसून बोलत होती. माय-लेक मोटरसायकलवर आले होते आणि इथून तसेच मौद्याला, यमुताईंच्या भावाकडे जाणार होते. मी त्यांना घ्यायला फाटकापर्यंत गेलो आणि माझी नजर नेमकी मागच्या टायरवर पडली. आता तीस वर्षं रबराच्या कारखान्यात तपासणीला काढलेल्या माणसाची नजर दुसरीकडे कुठे जाणार? रबराचा तुकडा यंत्रात ताणायचा, सोडायचा, पुन्हा ताणायचा आणि भेग किती वाढली ते मोजायचं, हेच माझं आयुष्य. (पाहुण्यांनी दाराशी काढलेल्या चपला मी वाकवून पाहतो, अशी तुळसाची तक्रार आहे. ती खरी आहे.) टायरच्या कडेला केसासारख्या बारीक भेगा होत्या, त्याचं काही नाही. ऊन-वाऱ्यानं रबराची वरची कातडी तडकतेच. पण एका भेगेत माझं नख गेलं. अशी खोल भेग वाईट. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला रबर तिथे वाकतं, सगळा ताण भेगेच्या टोकाशी गोळा होतो आणि ती तिळातिळानं पुढे सरकते. बाहेरून दिसत काहीच नाही, आणि मग एकदमच फाटतं.

हे सगळं मी पोह्यांच्या बशा हातात असताना सांगितलं. (तेव्हा पायलच्या नोकरीचा विषय चालू होता.) अश्विन हसून म्हणाला, "काही नाही होत काका, अजून एक उन्हाळा काढते हे टायर." पायलनं डोळे वटारले, मी पोह्यांकडे वळलो. पण मौद्याचा रस्ता, ट्रकांची रांग आणि मागे बसलेली साठीची बाई डोळ्यांसमोरून हलेना. शेवटी हात धुवायचं निमित्त करून बाहेर गेलो, गाडीमागे उकिडवा बसलो आणि चाकाची हवा सोडून दिली. ताई, या वयात!

झालं, यमुताई ऑटो करून बसस्टँडवर गेल्या. अश्विन आणि मी गाडी ढकलत चौकातल्या पंक्चरवाल्याकडे नेली. (अर्धा किलोमीटर. पाप ढकलताना जड लागतं.) पंक्चर काही सापडलं नाही. त्यानं हवा भरली, तसा त्या भेगेशी लिंबाएवढा फुगा आला आणि बार उडाल्यासारखं टायर फुटलं. कोणाला लागलं नाही. अश्विन बाकावर बसला, माझा हात धरला आणि म्हणाला, "आई मागं बसून असती तर, काका?" मी फुशारणार, इतक्यात पंक्चरवाला म्हणाला, "बिनहवेची ढकलत आणली न, रिमखाली रबर चेपलं." म्हणजे मी त्या बाईला वाचवलं की चांगलं टायर फोडलं, हे मला आजही ठाऊक नाही. तीस वर्षांचं शिक्षण इथे संपलं.

घरी येऊन खरं ते सांगितलं. तुळसा हसली. पायल हसली नाही. म्हणाली, "बाबा, तो माणूस दोन घंटे समोर बसून होता. तुम्ही फक्त त्याच्या टायरशी बोलले." तिचं चुकलं असं मला म्हणता येत नाही.

बाकी क्षेम.

तुझा,
प्रेमानंद

ता. क. : खरं काम राहिलंच. हवा मी सोडली हे यमुताईंना ठाऊक नाही. तू एकदा जाऊन त्यांना तुझ्या गोड तोंडानं सांगशील का? माझी छाती होत नाही. माझ्यापायी पोरीचं जमता जमता मोडलं तर मी कोणाला तोंड दाखवू?

दुसरं ता. क. : पाकीट चिकटवणार तोच यमुताईंचा फोन. "मी खिडकीतून पाहून राहिली होती तुम्हाले हवा सोडताना. बोलली नाही. पोरगा गाडी लय जोरात पळवते, मले त्याच्या मागं बसाचं भेव वाटते. बसमध्ये मस्त झोपली मी! आमच्याकडून हो आहे, पायलले विचारून सांगा." हे सांगायला मी पायलच्या खोलीशी गेलो, तर तिला वाटलं बाबा नवीन काही रचून राहिले. दार उघडलं नाही. तेव्हा यमुताईंकडे जाऊ नको, सरळ इकडेच ये.