शेऱ्याचा रकाना

४ मार्च
…आणि त्या सकाळी मी कपाटांवर फडकं मारत होते, दूध गॅसवर होतं, आणि हे पुढच्या खोलीत आमच्या वाचनालयाच्या कॉम्प्युटरपुढे बसून काहीतरी पुटपुटत होते. मग म्हणाले, जमलं गं. काय जमलं ते मी विचारलं नाही, दूध वर येत होतं. त्याला चार वर्षं झाली. हे जाऊन एक.

आज का आठवलं कोण जाणे. पुस्तकांच्या यादीचं सॉफ्टवेअर विकणारा कंपनीवाला येऊन गेला म्हणून असेल. म्हणाला, काकू, फुकटच्या सॉफ्टवेअरला आईबाप नसतात, अडलं तर कोणाला फोन करणार? त्यांचं वर्षाचे पैसे भरून मिळतं, पण फोन उचलतात. मी विचारलं, तीन हजार पुस्तकांची नावं तुमच्यात येतील? येतील. आणि शेऱ्याचा रकाना? म्हणाला, आमच्यात शेरा नसतो.

ह्यांनी प्रत्येक पुस्तकापुढे शेरा लिहिलाय. 'पान चाळीसनंतर जांभया.' 'शेवटचं पान कोणीतरी फाडलं, लेखकावर उपकार.' मी रोज सकाळी क्रमाने एकच वाचते. फक्त तपासणी म्हणून. ३५८ पर्यंत आलेय.

निर्णय: फुकटचंच ठेवायचं. शाळा सातवीत सुटली, बाकी सगळं ह्याच कपाटांतून शिकले. सॉफ्टवेअर काय जड आहे?

७ मार्च
'अपडेट करा' अशी पाटी सारखी येते. हे नेहमी 'नंतर' दाबायचे. चालढकल, दुसरं काय. मी दाबलं. दोन मिनिटांत झालं.

७ मार्च, दुपार
सगळी नावं जाऊन नुसते चौकोन आलेत. शेऱ्यांचेही चौकोन. बंद करून चालू केला. चौकोनच. मशीन तापलं असेल.

८ मार्च
तापलं नव्हतं.
वन्सं आल्या होत्या. म्हणाल्या, माझा सख्खा भाऊ असला तरी बोलते, त्याने जन्मभर फुकटचं आणलं आणि त्यापायी दुप्पट राबला. तू तरी पैसे टाक आणि सुखाने बस. मी म्हटलं, सगळं ताब्यात आहे. स्क्रीनकडे बघून म्हणाल्या, हो, दिसतंय.

१० मार्च
हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांचा एक फोरम आहे. तिथे वाचनालयाच्या खात्यावरून प्रश्न टाकला. आधी सर्वांची खुशाली विचारली. संध्याकाळपर्यंत उत्तर येईल.

१३ मार्च
लोक कामात असतील. सकाळी चहा पिताना वाचायला काही नसतं. तसं काही अडत नाही.

१४ मार्च
उत्तर आलं. एकाने लिहिलंय: हा प्रश्न तुम्हीच चार वर्षांपूर्वी विचारला होता आणि तुम्हीच सोडवलात. कसा, ते आम्हालाही सांगा.

शोधला. आमचंच खातं, ह्यांचा प्रश्न. अपडेटनंतर चौकोन. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याखाली ह्यांनीच लिहिलंय, 'जमलं. धन्यवाद.' संपलं. कसं जमलं, अक्षर नाही. तारीख बघितली. ती दुधाची सकाळ.

मग बाकीचं वाचत बसले. कोण कुठला ग्रंथपाल, त्याला प्रिंटरबद्दल दोन पानं समजावलंय, शेवटी 'पुन्हा अडलं तर निःसंकोच विचारा'. मला काय सांगायचे? तू हात लावू नकोस. बत्तीस वर्षं एका घरात राहिलेल्या बाईला एवढंच. परक्यांना निःसंकोच.

आज ह्यांचा फोटो पुसला नाही.

१५ मार्च
कंपनीला फोन केला. पहिल्याच रिंगला उचलला. ह्याला म्हणतात आधार. वर्षाचे पैसे भरून सही करून टाकली. शेरे गेले तर गेले. ज्याने लिहिले त्याला काळजी नव्हती, मी का करू?

१८ मार्च
कंपनीवाला आला. नावं उचलायला आधी ती दिसायला हवीत म्हणाला. सेटिंगमध्ये गेला, जुना फाँट निवडला. चौकोन गेले. माझा चहा अजून गाळायचा होता.

तो फोनवर बोलत होता तेवढ्यात मी यादीच्या शेवटाला गेले. रोज एक वाचलं असतं तर इथे पोचायला सात वर्षं लागली असती. शेवटची नोंद पुस्तकाची नाहीच. नावाच्या जागी लिहिलंय 'हिच्यासाठी'. शेऱ्यात: 'अपडेट दाबू नकोस. दाबशीलच. मग चौकोन येतील. सेटिंगमध्ये जाऊन जुना फाँट निवड. घाबरू नकोस.'

शहाणा माणूस. चौकोन घालवायचा उपाय चौकोनांच्या आत ठेवून गेला.

कंपनीवाल्याला म्हटलं, राहू दे, काही हलवू नकोस. म्हणाला, पैसे परत मिळणार नाहीत. म्हणजे वर्षभर माझ्याकडे सपोर्ट आहे, फक्त त्यांचं सॉफ्टवेअर नाही. वन्संना सांगायचं नाही.

२० मार्च
काल सकाळी फोटो पुसला. मग फोरमवर ह्यांच्या 'जमलं. धन्यवाद.'च्या खाली तो शेरा उतरवून टाकला. 'घाबरू नकोस' तेवढं वगळलं.