खाकीचा पूर्वपक्ष

प्रिय अंबरीश,

फोन करायचा सोडून हिला पत्र लिहायचं काय सुचलं, असं पाकीट फोडताना म्हणशील. पण फोनवर आपलं काय होतं ते तुलाही माहीत आहे. तू नानांची तब्येत विचारतोस, मी ‘बरी आहे’ म्हणते, मग पुण्याच्या ट्रॅफिकला चार शिव्या घालून आपण दोघं सुटतो. यशोधनला जाऊन वर्ष होत आलं आणि एवढ्या दिवसांत त्याच्याबद्दल आपण एक धड वाक्य बोललेलो नाही. तू त्याचा मित्र, मी त्याची बायको, आणि बोलतो ट्रॅफिकवर. कागदावर तुला मध्येच ‘अच्छा, ठेवतो’ म्हणता येणार नाही, म्हणून हे पत्र.

इथे कडाक्याची थंडी आहे. हजीऱ्याला, समाधीपाशी, तानसेन समारोहाचा मंडप उभा राहतोय, आणि या दिवसांत मला तुमच्या बैठकीशिवाय दुसरं काही आठवत नाही. आमच्या अख्ख्या लष्कर भागातली मराठी मंडळी शाली गुंडाळून गाणं ऐकायला निघायची आणि तुम्ही दोघं शहाणे आमच्या शिंदे की छावनीतल्या घरात, गच्चीवरच्या खोलीत, जगातली सर्वांत थोर रॉकची रेकॉर्ड कोणती यावर घसा फोडत बसायचात. त्याची निळी, तुझी खाकी. इंग्रजी नावं ऐकली की नाना असं तोंड करायचे, की आपण कव्हरच्या रंगांवरच भागवलं. खाकीचं मूळ कव्हर फाटलं तेव्हा शाळेच्या पुस्तकांना घालतात तो कागद मीच तिला चिकटवला होता, म्हणजे बारसं माझंच. एकदा यशोधन तानसेनच्या समाधीजवळच्या चिंचेचा पाला खिशातून घेऊन आला आणि खाकीवर ठेवून म्हणाला, “खा बाई, तुझ्या गाणाऱ्याचा गळा सुधारेल.” तू दोन दिवस रुसला होतास. पन्नाशीचा माणूस, चिंचेच्या पाल्यावरून रुसलेला!

त्या भांडणाला नियम लावून दिला तो नानांनी. आयुष्यभर कॉलेजात संस्कृत शिकवलेला, दरबारी शास्त्र्यांच्या घरातला माणूस. त्यांना रॉकशी काय घेणं? पण एकदा तुमची आरडाओरड असह्य होऊन ते जिना चढून वर आले आणि म्हणाले, “याला वाद नाही म्हणत, याला भुंकणं म्हणतात. आधी पूर्वपक्ष करा. समोरच्याची बाजू अशी मांडा की ऐकून त्यानेच मान डोलवली पाहिजे. तो मान डोलवत नाही तोवर स्वतःच्या बाजूने तोंड उघडायचं नाही.” ते खाली गेल्यावर तुम्ही पोट धरून हसलात आणि नियम मात्र निमूट पाळलात. एक वर्ष तू निळीची बाजू मांडायचास, पुढच्या वर्षी तो खाकीची. मला खरी गंमत त्यातच यायची. आपल्या नावडत्या रेकॉर्डबद्दल तुम्ही जितकं प्रेमाने बोललात तितकं आवडतीबद्दल कधी बोलला नाहीत.

गेल्या डिसेंबरात पाळी यशोधनची होती. किती तयारी केली होती त्याने! खाकीनंतर कोणकोणत्या बँडनी तिची नक्कल केली, ढोल वाजवायची रीतच कशी बदलली, आपल्या कॉलेजच्या गॅदरिंगमधला तो बेसूर गिटारवालासुद्धा कसा तिचाच वंशज होता, सगळं सांगितलं. मला वाटलं, आता तू डोलणार. तू मात्र पाय लांब करून म्हणालास, “यार, ये तो सबको पता है. किती जणांवर प्रभाव पडला ते मोजू नकोस. मागून एकही बँड आला नसता, तरी खाकी मोठी का, ते सांग. त्या ड्रमवाल्याबद्दल बोल.” तो म्हणाला, “तो तर साला प्रत्येक ठोका उशिरा मारतो.” तू मान हलवलीस, पण आडवी. “अगले साल,” असं म्हणून दोघंही जेवायला खाली आलात. भरल्या वांग्यांवर तुटून पडला होतात. फेब्रुवारीत तो गेला. अंबरीश, तू तेव्हा मान डोलवली नाहीस याचा मला राग नाही, हे आधीच सांगून ठेवते. खोटी डोलवली असतीस तर त्याने तुला जिन्यावरून ढकललं असतं.

आता घरची खबर. दिवाळी झाल्यापासून नाना संध्याकाळी वर जाऊन बसायला लागले. मी म्हटलं, जाऊ देत, मुलाची खोली आहे. एक दिवस चहा घेऊन जिना चढत होते तर वरून खाकी ऐकू आली. जिला इतकी वर्षं ‘पत्र्यावरचे दगड’ म्हणायचे तीच खाकी, नाना स्वतः लावून बसले होते. रेकॉर्डची एक बाजू संपली, आणि मग आवाज आला. “सुन ना अंबरीश, यार, मेरी बात तो सुन.” जन्मात ज्यांच्या तोंडून कुणी ‘यार’ ऐकलं नव्हतं ते नाना बोलत होते, आणि आवाज यशोधनचा होता. तोच चढ, विरोध करायच्या आधी घसा खाकरायची तीच सवय, तीच अर्धी हिंदी. दाराच्या फटीतून पाहिलं तर नाना त्याच्या वेताच्या खुर्चीवर होते आणि समोर तुझी खुर्ची ओढून ठेवलेली होती. चहा गार होईपर्यंत मी जिन्यात उभी राहिले. भीती वाटली, खोटं कशाला सांगू. पण खाली जावंसं वाटलं नाही.

त्यांचं डोकं फिरलंय असं मनात आणू नकोस. मलाही आधी तेच वाटलं होतं. पण ते पूर्ण शुद्धीवर आहेत, आणि तेच मला जास्त झोंबतं. मुलाला अग्नी त्यांनी स्वतःच्या हाताने दिलाय, काय झालंय ते त्यांना माझ्याहून जास्त कळतं. मी विचारलं तर म्हणाले, “त्याचा पूर्वपक्ष अपुरा राहिलाय, सीमंतिनी. नियम मी घातला होता, तेव्हा तो पुरा करायचा मलाच. मला त्याच्यासारखा विचार केल्याशिवाय ते जमत नाही, आणि त्याच्यासारखं बोलल्याशिवाय तसा विचार येत नाही.” तोवर निळी वाजवायची नाही, हेही त्यांनीच ठरवलंय. मी एकदा न राहवून ती बाहेर काढली, तर त्यांनी हलकेच तिच्यावर हात ठेवला. एकदा मीच तुझ्या खुर्चीवर बसले आणि ऐकून जोरजोरात मान डोलवली. म्हटलं, संपवा आता. ते हसले. “तुझा अधिकार नाही गं. खाकी तुझी नाही.”

आणि रोज रिकाम्या खुर्चीशी बोलणाऱ्या या माणसाला गेल्या आठवड्यात ते सापडलं. मी दारातच होते. सुई उचलून ते म्हणाले, “देख, इतने साल मी चुकीचं ऐकत होतो. तो उशिरा मारत नाहीये, यार. गाणारा दमलाय, हे त्या एकट्यालाच कळलंय. तो त्याच्यासाठी थांबतो. पूर्ण रेकॉर्डभर तो कुणाला मागे टाकत नाही.” मग वाकून तुझ्या खुर्चीकडे बघत राहिले. अंबरीश, ते खरोखर वाट बघत होते. मीही बघत होते. खुर्ची काय डोलणार? बऱ्याच वेळाने ते उठले, आणि खाली येताना त्यांचा पाय सटकला.

हाड मोडलं नाही, कोपर आणि कंबर सुजली आहे. डॉक्टरांनी जिना बंद सांगितला. दुसऱ्या संध्याकाळी हा ब्याऐंशीचा म्हातारा एकेका पायरीवर बसत, मागे सरकत वर गेला. रेकॉर्ड प्लेअर खाली आणते म्हटलं तर ऐकत नाहीत. बैठक तिथलीच, म्हणतात. फोनवर तुझ्याशी बोलणार का विचारलं तर म्हणाले, मान दिसली पाहिजे. म्हणून तुला बोलावतेय. समारोहाच्या रविवारी ये. त्या खोलीत पाऊल ठेवणं तुला जड जाणार, ते मला ठाऊक आहे, तरी ये. त्यांच्यासमोर बस, पूर्ण ऐक, आणि पटलं तरच मान डोलव, खोटी त्यांना लगेच कळेल. पण तुला पटणार आहे. पटणार हे मला गेल्या आठवड्यातच कळलं होतं, आणि तरी इतके दिवस मी हे पत्र लिहिलं नाही. कारण एकदा तू मान डोलवलीस की नाना नानांच्या आवाजात बोलायला लागतील. संध्याकाळी मी जिन्यात जाऊन बसते, रोज. डोळे मिटले की वर यशोधन असतो, तुझ्याशी भांडत. ते थांबवायला मीच तुला बोलावतेय. ये आणि मान डोलव. मग आपण तिघं मिळून निळी लावू, आणि ती संपल्यावर कुणी काही बोलू नका.

तुझी वहिनी, आणि त्याच्याही आधीची वर्गमैत्रीण,
सीमंतिनी