पलीकडच्या वळणावरची बिळं

११ जानेवारी १९५९, रविवार

मारली! मैनेला आज मी माझ्या हाताने गोळी घातली. पाच वर्षांची घोडी, काल संध्याकाळी माझ्या खिशात तोंड घालून गूळ शोधत होती.

तिसऱ्या रेसला पलीकडच्या वळणावर तिचा पुढचा पाय उंदराच्या बिळात गेला. नळी मोडून हाड बाहेर आलं. तिचा स्वार भंवर खाली आणि घोडी त्याच्यावर. मी धावत पोचलो तर तिथे ना स्ट्रेचर, ना आडोशाला पडदे! पडदे आले ते गोळी घातल्यानंतर, वरातीमागून घोडं. भंवरला माळ्याच्या खाटेवर घालून खुर्च्या वाहायच्या ट्रकमधून हॉस्पिटलात नेलं. बँड वाजतच होता. चौथी रेस वेळेवर सुटली म्हणून सेक्रेटरीसाहेबांनी लाऊडस्पीकरवर सगळ्यांचे आभार मानले!

हात धुतले, पुन्हा धुतले. रमाने विचारलं, जेवणार का? तिच्यावरच ओरडलो.

१२ जानेवारी

हॉस्पिटल. भंवरच्या कमरेचं हाड दोन ठिकाणी मोडलंय. चालेल, पण घोड्यावर बसणं संपलं, असं डॉक्टर म्हणाले. बावीस वर्षांचं पोर.

उशाशी त्याची आई होती. ओढणीत हरवलेली एवढीशी बाई. रडत नव्हती. मला बघून उठली आणि पहिला प्रश्न— "साब, घोड़ी बच गी कांई?" वाचली, म्हटलं. धडधडीत खोटं. जनावरांच्या डॉक्टराला एवढं तरी खोटं बोलता यावं.

१३ जानेवारी

सकाळी अख्खा ट्रॅक पायी फिरलो. स्टँडसमोरचा तुकडा काय वर्णावा! भिश्ती रोज पखालींनी पाणी घालतात, रोलर फिरतो, लोण्यासारखी माती. का, तर समोर सोफ्यावर मोठी माणसं बसतात. पलीकडे गेलं की वीट. टाच आपटली तर टणत्कार. आणि वळणावर बिळंच बिळं! एकसष्ट मोजली, मग मोजणं सोडलं.

सेक्रेटरी ट्रॅक कसा तपासतात तेही आज बघितलं. चहा घेऊन स्टँडच्या पायऱ्या उतरायच्या, हातातली काठी समोरच्या ओल्या मातीत खुपसायची, ती रुतली की म्हणायचं, "बढ़िया!" झाला ट्रॅक तपासून. काठी पलीकडे नेली असती तर मोडली असती.

१५ जानेवारी

रेस क्लबच्या कमिटीपुढे गेलो. म्हटलं, बिळांत धूर सोडा, मग ती बुजवा, पाणी घाला, रोलर फिरवा. आठ दिवसांचं काम. तोवर रेस नको.

अध्यक्षांच्या खुर्चीवरचे शेटजी कानावर हात ठेवून म्हणाले, "राम राम! डॉक्टरसाब, जीवहत्या? यह पाप हमसे न होगा."

उंदराची हत्या पाप! घोडीची? भंवरच्या कमरेची? मी तसं बोललो. बोललो म्हणजे ओरडलोच. टेबलावर मूठ आपटली, कप सांडला. म्हटलं, मारू नका, नुसते हाकला! त्यावर सेक्रेटरी गोड हसले. "आप घोड़े देखिए, ट्रॅक हम देख लेंगे."

पंचवीसला मोठी रेस आहे, बाहेरगावचे पाहुणे येणार. तारीख हलणार नाही म्हणे.

१६ जानेवारी

पालथ्या घड्यावर पाणी. आणि ते पाणीसुद्धा स्टँडसमोरच!

१८ जानेवारी, रविवार

रमा म्हणाली, "बदलीची नोकरी आपली. दोन वर्षं काढायची नि जायचं. सगळ्या गावाशी भांडून कसं चालेल?" बरोबरच आहे तिचं. म्हणूनच जास्त राग आला.

संध्याकाळी इथल्या सी-स्कीम वस्तीतून एकटाच फिरून आलो. घरी आल्यावर तिने पिठलं-भाकरी वाढली. दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

२० जानेवारी

कमिटीचं पत्र! लेखी रिपोर्ट द्या. "उंदीर नेमके त्याच वळणावर का, याचे कारण सिद्ध झाल्यास रेस पुढे ढकलण्याचा विचार होईल." त्यांना वाटतं, मी गप्प बसेन.

पण प्रश्न खरा आहे. बाकी ट्रॅकवर बिळं नाहीत, तिथेच का? म्हणजे तिथे काहीतरी खायला पडतंय. आणि त्या वळणामागेच क्लबच्या स्वयंपाकघराचं दार आहे! पार्ट्यांचं उष्टं रोज तिथे फेकत असणार, दुसरं काय? आता सापडले! पहाटे जाऊन बसतो. पकडतो, नाव लिहितो, आणि तो रिपोर्ट सेक्रेटरींच्या हातावर ठेवतो. आता घोडामैदान जवळ आहे!

२१ जानेवारी

साडेपाच ते आठ बसलो. कोणी आलं नाही. थंडीने नाक गळतंय. उद्या पुन्हा.

२२ जानेवारी, गुरुवार

दिसलं. लिहायचं नव्हतं, पण लिहितो.

फटफटीत उजाडल्यावर कुंपणाच्या फटीतून कोणीतरी आत आलं. हातात पितळी डबा. वळणावर बसून मूठमूठ काहीतरी टाकायला लागलं. मी झाडामागून तरातरा गेलो, "कौन है!" म्हणून गरजलो. तोंड वळलं— भंवरची आई!

घाबरली नाही. म्हणाली, "कीड़ी-नगरो सींचूं हूं, साब." मुंग्यांना घालत होती. भाजलेलं पीठ, त्यात साखर, वर थोडं तूप. इकडच्या बायका घालतात, मुंग्यांच्या वारुळाशी, पुण्य म्हणून. माझ्या शेजारणीनेही रमाला सांगितलं होतं.

"यहीं क्यों?" मी विचारलं.

तीन वर्षांपूर्वी भंवर पहिल्यांदा पडला तो इथे. तेव्हा थोडक्यात वाचला. तेव्हापासून ती दर गुरुवारी नि दर अमावास्येला इथे पीठ घालते. हजार जीव जेवले तर एक जीव वाचेल, असं तिला कोणा महाराजांनी सांगितलं होतं.

तीन वर्षं! मुंग्या खाऊन खाऊन किती खातील? उरलेल्यावर उंदीर जगले, वाढले, पोखरत गेले. तिने पोराच्या वाटेवर स्वतःच्या हाताने—

शेवटी मी एवढंच विचारलं, भंवर तर आता बसणार नाही घोड्यावर, मग आज कशाला?

ती म्हणाली, "दूसरां का भी तो छोरा है, साब. इतवार नै दौड़सी." रविवारी धावणारी दुसऱ्यांची पोरं!

डब्याचं झाकण लावलं, मला हात जोडले आणि हॉस्पिटलच्या वाटेला लागली.

२३ जानेवारी

रिपोर्ट दिला. त्यात लिहिलं: बिळे आहेत. बुजवावीत. वळण घोड्यांसाठी अयोग्य. कारणाचा रकाना कोरा.

तिचं नाव लिहिलं असतं तर? रेस पुढे गेली असती कदाचित. आणि सेक्रेटरींनी मैना, भंवर, सुकलेली माती, नसलेलं स्ट्रेचर, सगळं त्या बाईच्या पदरात बांधलं असतं. पोलीससुद्धा बोलावले असते! एक मूठ पीठ तिचं, खरं आहे. पण तीन वर्षांत एकदा तरी कोणी काठी घेऊन पलीकडे गेलं असतं तर पहिलंच बीळ दिसलं असतं. हे कोणाच्या रकान्यात लिहू?

सेक्रेटरींनी कागद वाचला, घडी केली. "कारण नहीं मिला? तो फिर भगवान की मर्ज़ी." रविवारी रेस आहेच. त्या वळणावरूनच.

आणि ती पुढच्या गुरुवारी पुन्हा पीठ घेऊन येणार. थांबवायची तर सांगावं लागेल. कसं सांगू? कुठल्या तोंडाने?

२४ जानेवारी

सांगितलं. हॉस्पिटलच्या पायरीवर बसून, सगळं. मैना मेली तेही. ऐकून घेतलं तिने. स्वतःचे तळहात बघितले. मग उठून गेली. मी नीच माणूस आहे.

२५ जानेवारी, रविवार, सकाळी

क्लबचा चपराशी सायकल दामटत आला. पलीकडच्या वळणावर एक बाई पहाटेपासून बसली आहे. ओढणीत माती आणते, बिळात ओतते, हाताने ठोकते. दोन माळ्यांनी उठवून कुंपणाबाहेर सोडली, ती परत येऊन बसली. म्हणते, घोड़ा म्हारे ऊपर सूं ले जाओ. तिचं बघून दोघे-तिघे स्वारही खाली बसलेत.

सेक्रेटरींचा निरोप: ताबडतोब या आणि बाईला समजवा.

निघालो. शेजाऱ्यांकडून फावडं मागून घेतलंय. रमा म्हणते, दुसरं मिळालं तर तिलाही हवंय.