आपल्या लेकराबद्दल बोलायचं नाही

१२ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

गुडघा दुखतो म्हणतेस आणि जिने चढणं काही सोडत नाहीस, तेव्हा तुझी कीव करणार नाही.

मला शाळेच्या पालक सल्लागार गटात घेतलंय. ज्यांच्या मुलांना वर्गात जादा मदत लागते, असे आम्ही दहाबारा पालक. कोणाला काय मदत हवी ते आम्ही सुचवायचं; मुख्याध्यापिका बहुतेक तसंच करतात. पण नियम मोठा विचित्र. बैठकीत आपल्या मुलाबद्दल बोलायचं नाही! जोड्या लावल्यात. मी शिंपीभाऊंच्या मुलासाठी बोलायचं, त्यांनी माझ्या भिंगरीसाठी. त्याआधी त्या मुलाच्या वर्गात एक सकाळ बसून यायचं. नाहीतर म्हणे जो तो आपलंच घोडं पुढे दामटतो.

यंदा मदतनीस बाई एकच मिळणार. एक तर भिंगरीच्या वर्गाला, नाहीतर शिंपीभाऊंच्या मुलाच्या, पैलवान म्हणतात त्याला. घंटा वाजली की भिंगरी बिथरून धूम ठोकते, तुला ठाऊकच आहे. गेल्या महिन्यात फाटकाबाहेर भर रस्त्यात पोचली होती. आणि तिच्यासाठी बोलणार कोण, तर ज्यांच्या तोंडातून टाचण्या निघतात पण शब्द निघत नाही, ते शिंपीभाऊ. मला कशातच चैन पडत नाही.

लोभ आहेच, तो माझ्या कटकटीसकट वाढू दे.

तुझी,
धाकटी

१८ जुलै

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

गुडघ्याचं मी बघून घेईन, तू आपल्या जिभेचं बघ. तू त्या पैलवानासाठी मन लावून बोललीस, तर मदतनीस बाई गेलीच म्हणून समज. आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायची हौस आहे का? खोटं बोलू नकोस, फक्त हात राखून बोल. मुलगा गुणी आहे, शांत बसतो, एवढं म्हण आणि खाली बस. नियम करणाऱ्यांच्या घरी भिंगरी नाही.

तिला माझा पापा. माया आहे म्हणून ओरडते, एवढं ध्यानात असू दे.

तुझी,
ताई

२ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पैलवानाच्या वर्गात बसून आले. चाकांच्या खुर्चीत बसलेलं काडीएवढं पोर. पाण्याची बाटली घरून भरून आणतो आणि तशीच भरलेली परत नेतो. प्यायलं की बाहेर जावं लागतं, आणि न्यायला कोणी नसतं. हे त्याने मला हसत हसत सांगितलं.

बैठकीत तुझं वाक्य अगदी ओठांवर आलं होतं, पण ती बाटली डोळ्यांपुढून हलेना. मी सगळं सांगितलं, ताई, आणि चांगलं सांगितलं. मग शिंपीभाऊ उठले. टेबलाकडे बघत म्हणाले, मुलगी गुणी आहे, शांत बसते. आणि बसले. तुझंच वाक्य! नियमामुळे मला तोंड उघडता येईना. मदतनीस बाई पैलवानाला मिळाली. नंतर वर्गशिक्षिकेकडून कळलं, शिंपीभाऊ वर्गात होते त्या दिवशीही भिंगरी पळाली होती, आणि तिला फाटकाशी धरून आणणारे तेच. माझ्या अंगाची नुसती लाही लाही होतेय.

लोभ असावा, आत्ता त्याची फार गरज आहे.

तुझी,
धाकटी

७ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

वाचून माझं डोकं फिरलं. उद्याच्या उद्या मुख्याध्यापिकेकडे जा आणि त्या माणसाला गटातून काढायला लाव. वाक्य माझंच होतं हे टोचतंय गं. पण ते मी तुला दिलं होतं, त्याला नाही! काय झालं ते लगेच कळव. माझा जीव तिकडेच आहे.

तुझी,
ताई

१९ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

गेले होते. शिंपीभाऊ माझ्याआधीच तिथे बसलेले. आपण काय केलं ते त्यांनी स्वतःच सांगून टाकलं होतं, आणि गटातून नाव कमी करा म्हणून मागे लागले होते. मला म्हणाले, पोरगा घरी आला की घटाघटा पाणी पितो, ते रोज बघतो मी. त्या दिवशी तुमच्या लेकीसाठी तोंडच उघडेना.

मदतनीस बाई सहामाहीपर्यंत पैलवानाकडेच राहणार. मग पुन्हा बैठक. तोवर घंटेच्या वेळी फाटकाशी मी उभी राहते, कामावर उशिरा जाते आणि साहेबांची बोलणी खाते. मुख्याध्यापिकेने विचारलं, जोडी बदलून देऊ का. मी नको म्हटलं. तू चिडशील. पण पळत्या भिंगरीला धरलेला दुसरा कोण आहे त्या गटात?

मी त्यांना माफ केलेलं नाही, ताई. सहामाहीला माझ्या लेकीसाठी तेच उभे राहतील, आणि मी समोर बसून ऐकणार आहे.

ओरड हवं तेवढं, पण लोभ कमी करू नकोस.

तुझी,
धाकटी