पुढील लेखनास शुभेच्छा

मंगळवार, संध्याकाळ

कात्रजच्या लीलाताईंच्या ब्लॉगवर दुपारी डबा खाता खाता मी नेहमीचं चिकटवलं: 'छान! पुढील लेखनास शुभेच्छा.' वर एक हसरा चेहरा. लेख न वाचताच. आपण दहा ब्लॉगांवर जाऊन आलो की दहा जण आपल्या ब्लॉगवर येतात ना! वा, काय शिष्टाचार!

घरी येऊन आत्ता वाचला. डोळे जवळजवळ गेलेत, हा शेवटचा लेख, असं लिहिलंय त्यांनी. आणि खाली माझा तो हसरा चेहरा!

पुसायला गेले, तर त्यांचं उत्तर आलेलं. 'लेकीनं वाचून दाखवलं. माझा प्रत्येक लेख वाचणाऱ्या तुम्ही एकट्याच. आभार.'

एकही नाही हो, लीलाताई. आजच्याआधी एकही नाही.