दुपारी कोण कोणाकडे येतं

अम्मा, मला एक विचारायचं आहे आणि ते विचारावं असं इथे कुणी नाही. मुलगा ऐकून घेतो, पण ऐकताना त्याची नजर फोनवर असते. सून मनाने चांगली आहे, तिला सांगितलं तर ती रडायलाच लागेल. तू असतीस तर भाकरीचं पीठ मळता मळता एका वाक्यात उत्तर देऊन मोकळी झाली असतीस. ते मला पटलं नसतं, पण निदान भांडायला एक उत्तर हाताशी असतं. आता माझ्याकडे उत्तरं खूप आहेत आणि एकाचं दुसऱ्याशी पटत नाही.

तुझे जावई गेले त्याला हा दुसरा उन्हाळा. इथे कुवेतला फहाहीलच्या बाजारात त्यांचं शिवणाचं दुकान होतं, अरबांचे पायघोळ दिशदाशे शिवायचे, हे तुला माहीत आहे. पण त्यांच्या दुपारच्या वेळेबद्दल मी तुला कधी लिहिलं नव्हतं. इथे उन्हाच्या वेळी दुकानं बंद असतात. ते जेवून झोपायचे, अस्रच्या नमाजाआधी उठायचे, पलंगाच्या कडेला बसून मोजे चढवायचे आणि मान वर न करता म्हणायचे, "चहा." मी ठेवायची. आमच्या संसाराचं सगळं बोलणं त्या चहावर झालं, कारण रात्री ते थकून यायचे आणि सकाळी घाईत असायचे. आता मी दुपारी आडवी झाले की ते येतात. कडेला बसतात, मोजे चढवतात, चहा मागतात. आणि अम्मा, मी उठते. स्वप्नात नाही, खरीच उठते.

एक दिवस नात शाळेतून आली तेव्हा चहाचं भांडं जळून काळं झालं होतं आणि मी ओट्याला टेकून उघड्या डोळ्यांनी उभी होते. ओट्यावर दोन कप. ती म्हणाली, "दादी! हू इज धिस फॉर?" मी तिला म्हणे सांगितलं, "आजोबांना विचार, साखर किती ते." मला यातलं काही आठवत नाही. पोर घाबरली, तिने गॅस बंद केला आणि बापाला फोन लावला. तो अहमदीहून काम टाकून आला. रागावला नाही, तेच वाईट झालं. म्हणाला, "अम्मी, घरात गॅस आहे, पोर आहे. तू बरी हो, नाहीतर मी तुला रत्नागिरीला मामूकडे पाठवतो." म्हणजे नात इथे, मी तिथे, आणि तुझे जावई इथल्या वाळूत एकटे. मी म्हटलं, "होते बरी." जणू बरं होणं म्हणजे बाजारातून कोथिंबीर आणणं.

आधी एका डॉक्टरांकडे नेलं, त्यांच्या गोळ्यांनी माझा दिवसच चिखल झाला. मग सुनेने सालमियाला एका चिनी डॉक्टरीणबाईंकडे नेलं. माझ्याच वयाच्या असतील. जुन्या इमारतीत दोन खोल्या, पडद्यामागे पलंग, आणि हाताखाली एक मल्याळी नर्स, जी त्यांचं मोडकंतोडकं इंग्रजी मला हिंदीत सांगते. बाईंनी माझी जीभ बाहेर काढायला लावली आणि इतका वेळ बघत राहिल्या की मला लाज वाटली. मग दोन्ही मनगटांवर तीन तीन बोटं. नर्स म्हणाली, "डॉक्टर पूछता है, आप बहुत पढ़ता है?" मी म्हटलं, हो. "खाना खाते वक़्त भी?" मी सुनेकडे बघितलं. ती म्हणाली, "मी काही सांगितलं नाही हो!" बाई हसल्या आणि पोटाच्या डाव्या बाजूला बोट लावून काहीतरी बोलल्या. त्यांच्या शास्त्रात विचार म्हणे तिथे राहतो, प्लीहेत. जेवताना वाचलं की विचारही पचत नाही आणि भातही नाही.

मला वाटलं, गंमत करतायत. पण त्या मनापासून सांगत होत्या. त्यांच्याकडे माणसाच्या आत एक मालक नसतो, पाच असतात, आणि प्रत्येकाची खोली वेगळी. हृदयात शेन, तो मोठा, डोळ्यांतून चमकतो तो. यकृतात हुन, तो रात्री रक्तात निजतो, आणि रक्त पातळ झालं की त्याला अंथरूण पुरत नाही, मग तो भटकतो. तेच स्वप्न. फुप्फुसात पो, तो शरीराचा, श्वासाबरोबर आलेला. माणूस मेला की हुन वर जातो आणि पो हाडांबरोबर मातीत. दुःख फुप्फुसाला खातं. मूत्रपिंडात जिद्द. मी पलंगावर पडून ऐकत होते, कपाळात सुई, मनगटात सुई, पायाच्या अंगठ्याजवळ सुई, आणि मला तू दिसत होतीस.

कारण मी धाकट्या भावाच्या तोंडावर काजळाने मिशा काढल्या होत्या तो दिवस. तो गाढ झोपलेला, मी खुशीत तुला बोलवायला आलेली. तू बघितलंस आणि तुझा चेहरा पांढरा पडला. "अगो, पूस ते आधी! त्याचा जीव फिरायला गेलाय. परत येऊन त्याने तोंड ओळखलं नाही तर?" आधी पदर ओला करून त्याचं तोंड पुसलंस, मग माझ्या पाठीत धपाटा घातलास. दचकलेली पोरं घेऊन बाया तुझ्याकडे यायच्या तेव्हा उलथनं चुलीत लाल करून तू पाण्यात बुडवायचीस, चर्र आवाज यायचा, आणि ते पाणी पोराला पाजायचीस. मी शाळेत चौथीपर्यंत गेलेली, मला वाटायचं, अडाणीपणा आहे सगळा. आणि आता चीनची एक शिकलेली बाई मला सांगते की धक्का बसला की शेन विखुरतो, त्याला घरी आणावं लागतं. मग मी तेव्हा शहाणी होते की आता आहे?

कुवेत कायमचं सोडून जाणारी मराठी कुटुंबं पुस्तकांचे गठ्ठे जिन्याखाली ठेवून जातात, त्यांवर मी वाचायला शिकले म्हण ना. आता फोनवर वाचते, इंग्रजी असलं तर बोट ठेवून. एका ठिकाणी शेन म्हणजे आत्मा लिहिलंय. दुसऱ्या ठिकाणी मन. तिसरा म्हणतो शुद्ध, म्हणजे बेशुद्ध माणसात नसते ती. चौथा म्हणतो, यातलं काहीच कुठे बसलेलं नसतं, जुन्या वैद्यांनी रोग ओळखायला केलेली ही नुसती सोय आहे. तू म्हणायचीस, रूह एकच, झोपेत अल्ला घेतो आणि सकाळी परत देतो, ज्याची द्यायची नसते त्याची ठेवून घेतो. मी सगळं वाचून तुझ्याजवळ येते आणि तुझ्याजवळून पुन्हा निघते. कुठेच टेकता येत नाही.

पण माझा प्रश्न याहून साधा आहे. पुढच्या वेळी सुया टोचताना बाई म्हणाल्या, थोडे आठवडे या, हुन जागेवर बसेल, स्वप्नं थांबतील. मी हात मागे घेतला. नर्सला म्हटलं, "उनसे पूछो, वो आता है या मैं जाती हूँ?" नर्सने मला दोनदा विचारलं, नक्की हेच विचारू का. तिने विचारल्यावर बाई माझ्या मनगटावर बोटं ठेवून स्वतःच म्हणाल्या, "आय डॉक्टर. युवर पल्स, आय नो. हिज पल्स, नो." आणि हात मोकळा करून मला ठरवू दिलं. समज, माझाच हुन भटकत असेल, तर त्याला बांधून ठेवायला काय हरकत आहे. पण ते येत असतील तर? सुई टोचून मी दार लावते आहे आणि बाहेर ते मोजे चढवून बसलेत. सुया नाही घेतल्या तर एक दिवस घर पेटेल. मी हात परत पुढे केला. कशासाठी केला ते अजून कळलेलं नाही. नातीसाठी, असं मी सुनेला सांगितलं.

मग मागच्या आठवड्यातली दुपार. बाहेर धूळ, काचा पिवळ्या. मी पडले आहे आणि ते आले. कडेला बसले, पलंग त्या बाजूला दबला, अगदी खरोखर दबला. चहा, म्हणाले. मला कळत होतं की मी झोपेत आहे, असं याआधी कधी कळलं नव्हतं. पाय हलवायचा प्रयत्न केला की नाही, ते सांगता येत नाही. मी उठले नाही. ते बसून राहिले असतील, किंवा गेले असतील. मी बघितलं नाही, कारण मला गाढ झोप लागली.

तेव्हापासून तुझं एक बोलणं आठवतंय. अब्बा बोटीवरून परत आले नाहीत त्याच्या पुढच्या वर्षी मी तुला विचारलं होतं, ते स्वप्नात येतात का. तू मासळी साफ करत होतीस. म्हणालीस, "येतात. पण मी उठत नाही. उठलं की जातात." मला तेव्हा ते कठोर वाटलं. आता वाटतं, ते तसं नव्हतं, उलटंच होतं काहीतरी. की तूही फक्त दमली होतीस? हेच विचारायचं होतं. आणि तू होतीस तेव्हा मला विचारायची अक्कल नव्हती.

हे कागद कुठे पाठवणार. तू असतीस तरी तुला वाचता येत नव्हतं, माझी पत्रं शेजारची काकी मोठ्याने वाचायची आणि अर्धी आळी ओट्यावर बसून ऐकायची. म्हणून मी तुला कायम लिहिलं की आम्ही सुखरूप आहोत, हवा बरी आहे. आज ऐकणारं कुणी नाही, म्हणून लिहिते. त्या दुपारी मी अस्रची अजान होऊनही झोपले होते. उठले तेव्हा अंग हलकं होतं आणि सपाटून भूक लागली होती. नातीबरोबर बसून मी बटाटेवडे खाल्ले, तिच्या शाळेतल्या कुठल्याशा बाईंच्या नकला बघून हसले, आणि दिवस बुडून मगरिबची अजान होईपर्यंत मला त्यांची आठवण झाली नाही.