चार फुटी टाकीतला तांडेल

११ जानेवारी
दोन मेले! सकाळी टाकीचा दिवा लावला तर एक निळा मासा पाण्यावर तरंगतोय, दुसरा फिल्टरच्या नळीमागे – शेपटी पार कुरतडलेली. दहा दिवसांपूर्वी वापीहून नऊ आणले होते. उरले सात.

कोणी केलं ते माहीत आहे. तो काळा नर, अंगावर फिकट पट्टे. त्याचं नाव मी तांडेल ठेवलंय. बोटीवर तांडेलाचा हुकूम चालतो, तसा टाकीत याचा. चार फूट पाणी, पण याला सगळंच पाहिजे.

दुकानदाराला फोन केला. "आफ्रिकन आहे साहेब, मारामारी तर करणारच! गोल्डफिश देत होतो, तुम्हीच नको बोलले." खरं आहे. रंगाला भुललो.

रुपल म्हणाली, "लोकांच्या एसीतला बिघाड बरोबर सापडतो तुला, घरच्या टाकीतला नाही!" आणि हसत मेडिकलवर कामाला गेली.

१४ जानेवारी
तीन दिवस नुसतं वाचतोय, व्हिडिओ बघतोय. निवडच चुकली माझी. नर जास्त, माद्या कमी. त्यात दोन रंगाने सारखे – सारखा रंग दिसला की यांना दुश्मन वाटतो. आणि मासे थोडे असले की मार एकालाच बसतो. जास्त ठेवले तर वाटला जातो. उलटंच सगळं!

दगड हवेत. खूप. वरपर्यंत रचायचे, म्हणजे एकाला दुसरा सारखा दिसत नाही.

एक बरं – आपलं बोअरचं जड पाणी. रुपलच्या केसांची वाट लावतं, पण या माशांना तेच लागतं म्हणे.

१९ जानेवारी
रविवार. उधव्याला घरी गेलो. बाने विचारलं, "दगड कशाला? घर बांधतोस?"
"माशांचं."
 बा स्वतःच ओढ्यात उतरला आणि एकेक चपटा दगड निवडून दिला. आईने वालाच्या सुक्या शेंगा दिल्या. येताना दगडांच्या वजनाने स्कूटर मागे दबत होती.

२२ जानेवारी
टाकी रिकामी करून नव्याने रचली. सहा नवीन मासे, शक्यतो माद्या – पिवळ्या चार, पांढुरक्या दोन. तांडेलाला भाजीच्या जाळीदार टोपलीत घालून टाकीतच लटकावलं. तीन दिवस शिक्षा. टोपलीतूनही सगळ्यांना दम देतोय!

२५ जानेवारी
सोडला. जुनी जागा शोधत फिरला – सापडेना. सगळे दगड नवे. चार-पाच जणांच्या मागे धावला, पण एकालाच धरून मारलं नाही. शेवटी कोपऱ्यातल्या एका भोकात शिरला. शांत.

मला उगाच फार मोठं काम केल्यासारखं वाटलं.

२६ जानेवारी
रुपलने चहा देता देता सांगितलं. तिच्या बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन डहाणूतच ठरलंय, परवा. तिचा भाऊ संदीप बोटीवर. "ते आठ दिवस आपल्याकडे राहतील. चालेल?"

चालेल काय! पण सासरे, सदानंद मेहेर, माझ्याशी आजवर एक शब्द बोललेले नाहीत. दोन वर्षं झाली. वरोरची मुलगी, समुद्राकाठची, आणि जावई तलासरीच्या डोंगरातला – त्यांना पटलं नाही. लग्नाला आले नाहीत. या घराचा उंबरा बघितलेला नाही.

२७ जानेवारी
आले. एक पिशवी, अंगावर स्वेटर. माझ्याकडे न बघता रुपलला म्हणाले, "पंखा लावू नको."

मग टाकीसमोर खुर्ची ओढून बसले. तेवढ्यात आतून रुपल ओरडली, "अरे तुषार, तांडेलाला खायला घातलंस का?"

सासरे चाळीस वर्षं बोटीवर तांडेल!! मान वळवून त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी सरळ जिन्यात जाऊन उभा राहिलो.

३० जानेवारी
ऑपरेशन छान झालं. दिवसातून सहा वेळा थेंब. रुपल दुकानात, थंडीत एसीची कामं नाहीत – म्हणजे मीच. ते मान मागे करतात, मी पापणी ओढून थेंब टाकतो.  त्यांचा गाल खरखरीत आहे. पहिल्या दिवशी दोन थेंब गालावरच पडले माझ्याकडून. आज नाही.

१ फेब्रुवारी
एक पिवळी खात नाही. दगडामागे बसून असते. पुन्हा तांडेलाचंच काम! औषध आणलं. झाकण उघडत होतो, तर मागून आवाज आला.

"ओतू नको."

वळलो. काळा चष्मा लावून सासरे.

"तोंड बघ तिचं. भरलंय. अंडी आहेत आत."

खरंच! गळ्याखाली पिशवी फुगलेली, जबडा हळूहळू चावल्यासारखा हलतोय. मी कितीदा बघितलं असेल, दिसलं नाही.

"तुम्हाला कसं कळलं?"

"आमचा समुद्रातला शिंगाळा मासा असाच. जाळ्यात आला की तोंडातून अंडी पडतात. गोट्यांएवढी." मग म्हणाले, "आमच्यात अंडी बाप धरतो. पोरं सुटेपर्यंत खात नाही."

दोन वर्षांनी एवढी वाक्यं! औषधाची बाटली कपाटात ठेवली.

५ फेब्रुवारी
आठ दिवस झाले. डॉक्टर म्हणाले, घरी जायला हरकत नाही. बाबा रुपलला म्हणाले, "पोरं सुटू दे. मग जातो."

९ फेब्रुवारी
बाबा दिवसभर टाकीसमोर. कोण कोणाला मारतो, कुठपर्यंत पळवतो, सगळं सांगतात. एका पांढुरकीला आसरा नाही म्हणाले. एक दगड आडवा करायला लावला. अर्ध्या तासात ती त्याच्याखाली गेली!

दुपारी आईच्या वालाची भाजी आणि सुके बोंबील. तिघांनी एकदमच ताटं घेतली.

१६ फेब्रुवारी
पिवळीला वेगळं काढायला हवं, नाहीतर पिल्लं सुटली की तांडेल एक ठेवणार नाही. मी जाळी घेऊन वीस मिनिटं. पाणी गढूळ, फरशी ओली, पिवळी दगडात. घाबरून अंडी गिळली तर?

"बाजूला हो." बाबांनी बाही वर केली. "दिवा घालव." जाळी एका जागी धरली, दुसरा हात दगडामागून हळूच पुढे सरकवला – हलतोय हे दिसलंच नाही. ती आपण होऊन जाळीत आली. बादलीत.

"घाई केली की मासा जातो," म्हणाले. मग तांडेलाकडे बघून, "याचं मात्र बरोबर नाव ठेवलंस." आणि हसले. रुपल स्वयंपाकघरातून बघायलाच आली.

२१ फेब्रुवारी
सुटली!! बाबांनी हाक मारली, "तुषार, ये!" नावाने. पहिल्यांदा. बादलीच्या तळाशी भाताच्या शितांएवढी पिल्लं. मी मोजली सतरा, बाबांनी एकोणीस. नव्या डोळ्याने मोजली म्हणून त्यांचीच बरोबर धरली.

पिवळीला चिमूटभर खाद्य घातलं. तीन आठवड्यांनी पहिला घास. आम्ही दोघं बघत बसलो.

२३ फेब्रुवारी
संदीप न्यायला आला. चपला घालता घालता बाबा म्हणाले, "लग्नाला मी आलो होतो. उधव्याला. शाळेच्या भिंतीपाशी उभा राहिलो. पोरीला मांडवात बघितलं आणि गेलो. एका बाईने पाणी दिलं मला."

रुपल दारातच खाली बसली.

ते गेल्यावर आईला फोन केला. तिला तो माणूस आठवतो. म्हणाली, "जेवायला बस म्हटलं, तर तांब्या हातात धरून रडायला लागला. कोणाचा कोण, मी विचारलं नाही."